मदत हवी आहे: थॅडियस स्टीव्हन्स यांच्या चरित्रात सभागृह, सन आणि मतांचा मेळ बसत नाही

थॅडियस स्टीव्हन्स (१७९२–१८६८) या अमेरिकन वकील-लोकप्रतिनिधीवर मराठीत चरित्रलेख लिहिते आहे. तीन ठिकाणी अडलंय. १८३५ चं शाळांवरचं भाषण आणि १८६६ ची (नागरिकत्वाच्या हक्कांची) चौदावी घटनादुरुस्ती, दोन्हीकडे नुसतं 'हाउस' लिहिलेलं असतं. सभागृह एकच का? गुलामगिरी संपवणारी तेरावी दुरुस्ती ३१ जानेवारी १८६५ ला मंजूर झाली, ती ३८ व्या काँग्रेसची (दर दोन वर्षांनी नव्याने भरणाऱ्या अमेरिकी संसदेची) की ३९ व्या? आणि महाभियोगात ३५ विरुद्ध १९ मतं पडूनही राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन 'एका मताने' कसे वाचले?

प्रतिसाद १
सभागृहं दोन आहेत. १८३५ चं भाषण हॅरिसबर्गचं, पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळातलं. १८३४ चा मोफत शाळांचा कायदा रद्द व्हायच्या बेतात होता, तो ११ एप्रिलच्या त्या भाषणानंतर टिकला. वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात ते १८४९–५३ आणि १८५९ पासून मृत्यूपर्यंत होते.

काँग्रेसचा क्रमांक काढायला मुदत सुरू झाली ते विषम वर्ष घ्या, १७८९ वजा करा, दोनने भागा, एक मिळवा. १८६५ चे ३९ येतात. पण तेव्हा मुदत ४ मार्चला सुरू व्हायची, म्हणून जानेवारी १८६५ मधलं मतदान मावळत्या, ३८ व्या काँग्रेसचं. जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखांना हमखास इथेच चूक होते.

मतांचं म्हणाल तर महाभियोगात दोषी ठरवायला सेनेटची दोन-तृतीयांश मतं लागतात. ५४ सदस्यांचे ३६ होतात, पडली ३५. स्टीव्हन्स सेनेटमध्ये नव्हते. ते प्रतिनिधिगृहातर्फे खटला चालवणाऱ्या सातजणांपैकी एक होते, त्यामुळे या ३५ मतांत त्यांचं मत धरू नका.

प्रतिसाद २
वकिलीचा भाग लिहाल तेव्हा १८२१ चा चॅरिटी बटलर खटला कृपा करून गाळू नका. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने, मालकाने गुलामाला सहा महिन्यांहून जास्त राज्यात ठेवलं की तो मुक्त व्हायचा. चॅरिटी या गुलाम स्त्रीचा दावा होता की तिच्या वेगवेगळ्या मुक्कामांची बेरीज तेवढी भरते. स्टीव्हन्स मेरीलँडच्या मालकाच्या बाजूने उभे राहिले आणि जिंकले: तुटक मुक्काम जोडता येत नाहीत. ती आणि तिची दोन मुलं गुलामच राहिली. पुढे हाच माणूस पळून आलेल्या गुलामांचे खटले लढला. ही वळणाची जागा वगळली तर चरित्र अर्धवट राहतं.

शेवटी पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरची त्यांची कबर घ्याच. इतर दफनभूमींच्या नियमांत वंशाची अट होती, म्हणून त्यांनी सगळ्यांना खुली असलेली ही छोटी जागा निवडली. हे कारण त्यांच्या थडग्यावरच कोरलेलं आहे.

धागाकर्ती
मनापासून आभार. क्रमांक दुरुस्त केले. बटलर खटल्याला वेगळा परिच्छेद देते.