मदत हवी आहे: आईला रापण दाखवायला कुठं न्यावं?
मंडळी नमस्कार, बेळगावातनं लिहितोय. दिवाळी संपली की आमच्या आईला समुद्राची आठवण येते बघा, माहेर वेंगुर्ल्याचं, आता वय 74. त्रिपुरारी पौर्णिमा झाली की आंबोली घाटातनं खाली उतरायचं म्हणतोय. तिला पहाटेची रापण बघायची आहे, दोन्हीकडनं दोर धरून माणसं जाळं किनाऱ्याला ओढून आणतात ते, आणि वाळत घातलेल्या बांगड्यांचा वासपण पाहिजे म्हणते (आमच्या सौ. चा नेमका त्यालाच विरोध!). तर हल्ली रापण कुठं बघायला मिळते, शिरोड्याला की मालवणकडं? गुडघ्यांमुळं वाळूत लांब चालवत नाही, गाडी जवळ लागेल अशी जागा सांगा की ओ. आणि घाटात सकाळी धुकं असतंय काय, ड्रायव्हिंग मीच करणार.