मदत हवी आहे: खाडीत सब-बॉटम प्रोफाइलरवर काळा पट्टा, त्याखाली सगळं कोरं

प्रश्नकर्ता: कोकणातल्या एका खाडीत जेटीसाठी कातळावरच्या गाळाची जाडी काढायची आहे. पाणी ४ ते ६ मीटर. चर्प सब-बॉटम प्रोफाइलर (बदलत्या फ्रीक्वेन्सीचा ध्वनी पाठवून तळाखालचे थर दाखवणारं यंत्र, २ ते १२ किलोहर्ट्झ) बोटीच्या बाजूला पोलवर लावलाय. खाडीच्या तोंडाशी तळाखाली ५ मीटरवर एक स्पष्ट थर मिळतो. आत, वळणावर मात्र तळाखाली दीड मीटरवर जाड काळा पट्टा येतो आणि कडेला कापल्यासारखा संपतो. गेन (परतलेला सिग्नल किती मोठा करायचा ते) वाढवला की नुसती खरखर. हा कातळ धरू का? बोअर (जमीन तपासायला पाडलेली भोकं) अजून घेतलेले नाहीत.

गाळमापक: अजिबात धरू नका, हा बहुतेक गॅस आहे. चिखलातला पालापाचोळा कुजून मिथेनचे बुडबुडे अडकतात आणि थोडासा गॅसही ध्वनी अडवतो. मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या चिखलात हे नेहमीचंच. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्यावर बरंच काम केलंय.

खात्री पोलॅरिटीवरून (परतलेली लहर सुलटी की उलटी) करा. गॅसभरल्या गाळात ध्वनीचा वेग पाण्यातल्याहूनही कमी होतो, म्हणून पट्ट्याची पोलॅरिटी तळाच्या उलट येते. कातळाची तळासारखीच राहते. स्क्रीनवर एन्व्हलप (लहरीची फक्त ताकद, सुलट-उलट नाही) लावलं असेल तर हे कधीच कळणार नाही. सेग-वाय (अशा नोंदींचा प्रमाणित फॉरमॅट) फाइलमध्ये पूर्ण वेव्हफॉर्म, म्हणजे लहर जशीच्या तशी, साठवा.

ओहोटी: मला तुमच्या वळणापेक्षा तोंडाशी मिळालेल्या 'स्पष्ट' थराची जास्त शंका येते. तिथं पाणी किती? ५ मीटरच असेल, तर तो बहुतेक मल्टिपल आहे, म्हणजे तळ आणि पाण्याचा पृष्ठभाग यांत पुन्हा आपटून आलेला तळाचाच प्रतिध्वनी. ट्रान्सड्यूसर (ध्वनी सोडणारा-घेणारा भाग) कितीही खोल असो, पृष्ठभागावरून परतलेला पहिला मल्टिपल तळाखाली बरोबर पाण्याच्या खोलीइतका उतरतो. तीच लाइन (बोटीचा मोजणीचा मार्ग) भरतीला आणि ओहोटीला चालवा. खरा थर तळापासून तेवढ्याच अंतरावर राहील. मल्टिपल भरतीला पाणी चढेल तितका खाली सरकेल.

प्रश्नकर्ता: तिथं पाणी ५ मीटरच आहे! भरतीला लाइन पुन्हा घेतो. पण गॅसखालची जाडी कशी काढायची? बूमर (कमी फ्रीक्वेन्सीचा ध्वनीस्रोत) भाड्यानं आणू?

गाळमापक: पैसे वाया जातील. फ्रीक्वेन्सी उतरवून गॅस सहसा भेदला जात नाही. वळणावर वॉटर जेट प्रोबिंग करा: जीआय पाइपमधून पंपाचं पाणी दाबत, पाइप अडेपर्यंत खाली न्या. पाइप घट्ट वाळूवर किंवा गोट्यावरही अडतो, म्हणून एका जागी अडला की २-३ मीटर सरकून पुन्हा घ्या. खोली मोजताना त्या वेळची भरतीची पातळी लिहायला विसरू नका, नाहीतर चार्ट डेटमला (नकाशातल्या खोलीची शून्य पातळी) आणताना सगळं चुकेल. बोअरच्या जागाही याच पट्ट्यात ठरवा. प्रोफाइल स्वच्छ आहे तिथं एखादा पुरे.

ओहोटी: आणि नकाशात गॅसचा भाग वेगळा रंगवून 'जाडी अज्ञात' लिहा. कंटूर (समान पातळीच्या रेषा) काढणारं सॉफ्टवेअर दोन्ही कडांचे आकडे जोडून मधे खुशाल गुळगुळीत कातळ काढून देतं, आणि पायलिंगवाला तोच खरा मानतो.