एडीएचडी आणि हातातून निसटणारा पैसा: तुम्हाला काय उपयोगी पडलं?

रानजाई
नमस्कार. मी नाशिकची, वय ३५, नोकरी करते. मागच्या वर्षी मुलाच्या तपासणीला गेलो होतो. तिथे डॉक्टरांनी माझ्या लहानपणाबद्दल विचारलं, आणि पुढे दोन-तीन भेटींनंतर मलाही एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि मनातली ऊर्मी आवरणं अवघड जातं अशी मेंदूची स्थिती) असल्याचं निदान झालं. बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला, पैशांचा मात्र अजून नाही.

हातात ६२,००० येतात. दहा तारखेपर्यंत निम्मे गेलेले असतात आणि कुठे गेले हे मला सांगता येत नाही. मोठी खरेदी नसते. रात्री साडेअकराला मागवलेले जलरंग, मग लिनोकटची हत्यारं, मग गच्चीवरच्या बागेसाठी कुंड्या. प्रत्येक छंद तेव्हा अगदी मनापासून हवा असतो. क्रेडिट कार्डावर साधारण १,४०,००० थकले आहेत, दर महिन्याला किमान देय रक्कम तेवढी भरते. दोन महिने स्टेटमेंट उघडलेलं नाही. नवऱ्याला आकडा माहीत नाही.

बजेट, डायरी, खर्च नोंदवायची अ‍ॅप, सगळं करून झालं. दहा दिवसांच्या वर काहीच टिकत नाही. 'मनावर ताबा ठेव' याखेरीज काही असेल तर सांगा, प्लीज.

कातळफूल
रानजाई, मलाही आहे, निदान ४१व्या वर्षी. आधी एक सांगते, तुम्ही आळशी किंवा बेजबाबदार नाही. आपल्या मेंदूत 'आत्ता' आणि 'आत्ता नाही' असे दोनच कप्पे आहेत. पुढच्या महिन्याचं बिल दुसऱ्या कप्प्यात जातं आणि त्याचं वजनच जाणवत नाही. म्हणून लक्षात ठेवावा लागणारा कुठलाही उपाय आपल्याकडे टिकत नाही. पैसा आणि हात यांच्यामध्ये अंतर वाढवायचं, एवढंच मला कामाला आलं.

माझी दोन खाती आहेत. पगार होतो त्या खात्याचं यूपीआय काढून टाकलंय आणि डेबिट कार्ड आईच्या कपाटात आहे. तिथून दर सोमवारी ठरावीक रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात येते. यूपीआय फक्त त्याला जोडलेलं. महिन्याला एकदम नको, आठवड्यालाच घ्या. महिना आपल्यासाठी फार लांब असतो. गुरुवारी पैसे संपले तर सोमवार दिसत असतो, तो निभावता येतो.

दुसरं, विसरणं आपल्या बाजूने वापरा. काही घ्यावंसं वाटलं की वस्तूचं नाव, किंमत आणि तारीख फ्रिजवरच्या कागदावर लिहायची. दहा दिवसांनी तोच कागद वाचताना निम्म्या वस्तू का हव्या होत्या तेच मला आठवत नाही. उरलेल्या खुशाल घेते.

निवृत्त_रोखपाल
ताई, मी ३१ वर्षं बँकेत काढली. कार्डाचा हिशेब आधी बघा, बाकी सगळं नंतर.

समजा व्याज महिन्याला ३.५ टक्के आहे. १,४०,००० वर ४,९०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,७८२. तुम्ही ७,००० भरलेत तर मुद्दलातून जेमतेम १,२०० कमी होतात. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. हीच रक्कम १४ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जात वळवली तर २४ महिन्यांचा हप्ता सुमारे ६,७२० येतो. आत्ता भरता त्यापेक्षा कमी, आणि दोन वर्षांत विषय संपतो. प्रक्रिया शुल्क तेवढं विचारून घ्या.

पण एक धोका मी काउंटरवर पुष्कळदा पाहिला आहे. कर्ज घेऊन कार्ड मोकळं झालं की काही महिन्यांत ते पुन्हा भरतं आणि मग दोन्ही फेडत बसावं लागतं. म्हणून फेडलं त्याच दिवशी कार्ड बंद करायचा अर्ज द्या. थकबाकी नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ७ कामकाजाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड बँक तुम्हाला देते. ठेवायचंच असेल तर मर्यादा १५,००० वर आणा आणि बँकेच्या अ‍ॅपमधून ऑनलाइन व्यवहार बंद करून ठेवा. ही सोय २०२० पासून सगळ्या कार्डांना आहे. बिलाचं चक्र बदलून घ्यायचा हक्कही किमान एकदा मिळतो. शेवटची तारीख पगाराच्या दोन-तीन दिवस नंतर येईल असं करा.

आणि ते स्टेटमेंट उघडा. एकटीने नको, कुणाला तरी शेजारी बसवून.

खडकवासला
मी दुसऱ्या बाजूचा. एडीएचडी बायकोला आहे, मला नाही.

आकडा कळला तेव्हा मी सगळा कारभार माझ्याकडे घेतला. तिला रोजचे पैसे मोजून द्यायचो. चार महिन्यांत ती माझ्याशी मोकळेपणाने बोलेनाशी झाली आणि खरेदी लपून होऊ लागली. ती माझी चूक होती. आता नियम एवढाच, की २,००० च्या वरचं काही घ्यायचं तर घेण्याआधी एकमेकांना फोन करायचा. परवानगी मागायची नाही, फक्त सांगायचं. हा मलाही लागू आहे. सांगताना तिचं तिलाच कळतं, असं ती म्हणते.

रविवारी सकाळी ११ वाजता ती बिलं भरायला बसते आणि मी समोर माझं काहीतरी वाचत बसतो. काही बोलत नाही. कुणी नुसतं जवळ असलं तरी तिचं काम पूर्ण होतं, एकटी असली की राहतं. ताई, नवऱ्याला सांगा. त्याला वाईट वाटेल, कदाचित रागही येईल, पण लपवलेला आकडा वाढतच जातो.

मोगरा८८
यूपीआय लाइट, म्हणजे छोट्या खर्चांसाठीचं फोनमधलं वेगळं पाकीट, बंद करा. १,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, म्हणजे विचार करायला मिळायचे तेवढे चार सेकंदही जातात. पासबुकात हे खर्च सुटे सुटे दिसतही नाहीत.

कातळफूल
मोगरा, मी उलट करते. लाइटमध्ये ५,००० च्या वर राहतच नाहीत, म्हणून तेच माझं आठवड्याचं पाकीट. आपोआप भरणारा टॉप-अप मात्र बंद हवा. रानजाई, दोन्ही करून बघा.

अजून एक. माझ्या गोळीचा असर संध्याकाळी उतरतो आणि माझी बहुतेक खरेदी रात्री नऊनंतरचीच होती, हे जुने मेसेज बघून कळलं. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी वेळा बदलून दिल्या. तुम्हीही सांगा, खर्च हा विषय दवाखान्यात काढायचाच असतो. आणि झोप न लागता, मन खूप उंचावलेलं असताना सलग काही दिवस भरमसाट खर्च होत असेल तर तेही लगेच सांगा, त्याचं कारण वेगळं असू शकतं. रात्री-बेरात्री फारच घाबरायला झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

रानजाई
तीन आठवड्यांनी येतेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

नवऱ्याला सांगितलं. दोन दिवस तो गप्प होता, तिसऱ्या दिवशी स्वतःच लॅपटॉप घेऊन शेजारी बसला. आकडा १,५१,३०० निघाला. यूपीआयच्या ऑटोपेमध्ये पाच वर्गण्या चालू सापडल्या, त्यातल्या तीन मी विसरूनही गेले होते. रद्द केल्या. कर्ज मंजूर झालंय, कार्ड बंद करायचा अर्ज सोमवारी देणार. फ्रिजवरच्या कागदावर सध्या नऊ ओळी आहेत आणि फक्त एक वस्तू घेतली, मुलाचा रेनकोट.

सोमवारची रक्कम मात्र दुसऱ्याच आठवड्यात बुधवारी संपली. आणि अडलंय ते वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांवर. जूनमध्ये शाळेचे ३६,००० आणि विम्याचा वार्षिक हप्ता. दरवर्षी ते अचानक आल्यासारखे वाटतात आणि कार्डावर जातात.

निवृत्त_रोखपाल
ताई, शाळेसाठी वेगळी आवर्ती ठेव उघडा, महिन्याला ३,०००, मुदत मे महिन्यात संपेल अशी. जूनला बारा महिने नसतील तर आहेत तेवढ्या महिन्यांनी ३६,००० ला भागा. पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापली जाऊ दे. विम्याची दुसरी ठेव. दोन्ही एकत्र करू नका, नाव असलेल्या पैशाला हात कमी लागतो. आयुर्विमा असेल तर वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलतीची मुदत मिळते, पण तिच्यावर विसंबू नका.

मोडायला शाखेत जावं लागेल अशी जवळची सहकारी बँक बघा. मात्र बँकच हवी, पतसंस्था नको. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. आणि सोमवारची रक्कम ५०० ने वाढवा. मुळात ती कमीच ठरली असेल.