‘नो डाउट’ आणि खरी खात्री

खात्री, अधीरता आणि अनास्था या भावना इंग्रजीत कोणत्या शब्दांनी मांडाव्यात, याविषयी थोडे लिहावेसे वाटते. इंग्रजीतील ‘नो डाउट’ म्हणजे पूर्ण खात्री, असे एक मत आहे; त्याला एक पुरवणी जोडावीशी वाटते. ‘नो डाउट ही इज टायर्ड’ असे म्हणणारा इंग्रजीभाषक बहुधा अंदाजच व्यक्त करत असतो, आणि पुष्कळदा पुढे ‘बट’ येऊन ते विधान समोरच्याचे म्हणणे तात्पुरते मान्य करण्यापुरतेच उरते. ठाम खात्रीसाठी ‘अनडाउटेडली’ किंवा ‘विदाउट अ डाउट’ अधिक योग्य ठरते. अधीरतेसाठी ‘इम्पेशंट’ हा शब्द पुरतो. त्याला ‘विथ’ जोडल्यास वैताग, तर ‘टू’ जोडल्यास उत्सुकता दिसते. अनास्थेबाबत मात्र विशेष जपावे: ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे रस नसलेला आणि ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे निःपक्षपाती, हा भेद बोलण्यात पुसट झाला असला तरी न्यायाधीशाविषयी लिहिताना तो पाळलाच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.