कोकणातली अळंबी ओळखतो, जर्मनीतल्या कुरणातली पांढरी भूछत्रं खायची का?

मालवण_ते_स्टुटगार्ट
वारुळावरची अळंबी लहानपणापासून ओळखतो. इथे ऑक्टोबर लागल्यापासून गावाबाहेरच्या कुरणात, जंगलाच्या कडेला, पांढरी भूछत्रं ढिगाने आली आहेत. टोपी ६ ते ८ सेंमी, वरून गुळगुळीत, देठावर कडं, आतून पांढरी. सुरीने जमिनीलगत कापून अर्धा किलो आणली आहेत. फोनमधलं ॲप ‘वीझन-शांपिन्यॉं’ म्हणतंय, म्हणजे कुरणातलं खायचं शांपिन्यॉं (बटण मशरूमच्या कुळातलं). वास चांगला आहे. किडेही लागलेत, म्हणजे विषारी नसावीत ना? आज रात्री सुकं करायचा विचार आहे.

पानगळ
आज करू नका. जमिनीलगत कापलीत तिथेच ओळखीची मुख्य खूण मातीत राहिली. युरोपातलं सगळ्यात घातक भूछत्र, हिरवट क्नोलेनब्लेटरपिल्झ, याची खात्रीची खूण देठाच्या बुडाशी असते: फाटक्या पिशवीसारखं आवरण, बरेचदा पूर्ण मातीत गाडलेलं. वरून टोपी, देठावर कडं, आतून पांढरं, हे वर्णन त्यालाही चपखल बसतं. टोपी साधारण हिरवट-पिवळसर असते, पण फिकट, जवळजवळ पांढरीही निघते. ते ओक, बीच, हेझल अशा झाडांच्या मुळांशी जोडलेलं वाढतं, आणि मुळं कुरणात लांबवर गेलेली असतात. ‘जंगलाच्या कडेला’ हे तुमचे शब्द म्हणूनच खटकले.

किड्यांचं म्हणाल तर गोगलगायी आणि अळ्या क्नोलेनब्लेटरपिल्झ मजेत खातात. चांदीचा चमचा काळा पडणं, लसूण निळा होणं या विषाच्या खुणाही तशाच खोट्या. आणि ॲपला तुमच्या फोटोतलं बूड दिसलेलंच नाही.

आता तपासायचं असं. टोपी उलटी करून तिच्या खालच्या पातळ पात्यांचा, म्हणजे पडद्यांचा, रंग पाहा. खाण्याच्या शांपिन्यॉंचे पडदे कोवळेपणी गुलाबी, मग चॉकलेटी, शेवटी काळपट. क्नोलेनब्लेटरपिल्झचे शेवटपर्यंत पांढरे. अगदी कोवळ्या कळीत शांपिन्यॉंचेही पडदे फिके असतात, त्यामुळे कळ्या सरळ बाजूला काढा.

मग बीजाणूंचा ठसा. पूर्ण उमललेली टोपी देठापासून वेगळी करा, पडदे खाली करून अर्धी पांढऱ्या आणि अर्धी काळ्या कागदावर ठेवा, वर वाटी उपडी घाला. ४ ते १२ तासांत ठसा उमटतो. टोपी सुकलेली असेल तर वर पाण्याचा एक थेंब. नुसता पांढरा कागद घेतला की पांढरे बीजाणू दिसत नाहीत आणि लोक म्हणतात, काही पडलंच नाही. शांपिन्यॉंचा ठसा गडद तपकिरी. पांढरा आला तर पूर्ण टोपली फेका.

तळकोकण
वारुळावरच्या अळंबीबद्दल थोडं, कारण घोळ तिथूनच होतो. आपली अळंबी वाळवीने पोसलेल्या बुरशीवर उगवते. टोपीला मधोमध टोक, कडं बहुधा नाही, पिशवी नाही, आणि देठ मुळासारखा खोल वाळवीच्या घरट्यापर्यंत उतरलेला. ठसा गुलाबी. ही जात आफ्रिका-आशियातली, जर्मनीत ती उगवतच नाही. तेव्हा गावाकडे शिकलेली खूण इथे लावली की ती दुसऱ्याच कशावर तरी जाऊन बसते.

आणि कशावर बसते ते बघा. कडं नाही, पिशवी नाही, पडदे आधी पिवळसर मग गुलाबी, ठसा गुलाबी, ताज्या पिठाचा वास. हे झालं रीझन-र्योटलिंग, ओक-बीचच्या चुनखडीच्या मातीत येणारं. खाल्लं की बेदम उलट्या-जुलाब. ‘कडं आणि पिशवी नाही म्हणजे बिनधोक’ हा कोकणी नियम त्याच्यापाशी साफ फसतो.

उलट चूकही होते. आपल्याकडे भाताच्या पेंढ्यावरचं भूछत्र खातात, त्याला बुडाशी पिशवी असतेच. ते खाऊन मोठी झालेली आशियाई माणसं परदेशात क्नोलेनब्लेटरपिल्झ उचलतात, हे विषबाधेच्या नोंदींमध्ये पुन्हा पुन्हा येतं.

रात्रपाळी
सुकं उद्यावर गेलं असेलच, तरी वेळेचं गणित सांगून ठेवतो. क्नोलेनब्लेटरपिल्झचं विष शिजवून, तळून, वाळवून जात नाही. खाल्ल्यावर ६ ते १२ तास, कधी २४ तासांपर्यंत काहीच होत नाही. मग जोराच्या उलट्या-जुलाब. मग ते थांबतात, माणसाला बरं वाटतं, आणि नेमका तेव्हाच यकृताचा नाश चालू असतो. या ‘बरं वाटण्या’त लोक घरी थांबतात. मोठ्या माणसाचा जीव जायला एक भूछत्रही पुरतं.

गवतात गोल रिंगणात येणारं छोटं पांढरं फेल्ड-ट्रिश्टरलिंग वेगळं. त्याने १५ मिनिटं ते २ तासांत घाम, लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक. पण टोपलीत दोन जाती मिसळलेल्या असू शकतात, म्हणून लवकर त्रास झाला म्हणजे उशिराचं विष नाही, असं धरू नका.

शंका आली की लक्षणांची वाट न पाहता गिफ्टनोटरूफला, म्हणजे विषबाधेच्या मदतवाहिनीला, फोन. स्टुटगार्टच्या राज्यासाठी, बाडेन-व्युर्टेमबेर्गसाठी, फ्रायबुर्ग ०७६१ १९२४०. बेशुद्धी, श्वासाचा त्रास असेल तर ११२. उरलेली भाजी, कचऱ्यातली सालं, ओकारीसुद्धा कागदात किंवा डब्यात घेऊन जा. दूध पाजणं, बोटं घालून उलटी काढणं नको.

मालवण_ते_स्टुटगार्ट
सगळं बाजूला ठेवलं. त्याच जागी जाऊन एक मुळापासून उपटून आणलं. पिशवी नाही. पडदे फिके गुलाबी. बूड उभं चिरलं तर कापलेली जागा लगेच भडक पिवळी, लिंबाच्या सालीसारखी, आणि काही मिनिटांत ती मळकट तपकिरी झाली. वास शाईच्या दौतीसारखा.

पानगळ
कार्बोल-शांपिन्यॉं. विषारी, पण त्रास पोटापुरताच. याचा ठसाही तपकिरी, पडदेही गुलाबी, म्हणून ठसा बरोबर आला तरी बूड चिरल्याशिवाय आणि टोपीची कड नखाने खरवडल्याशिवाय निकाल देऊ नये. शाईचा वास कच्चेपणी मंद असला तर कढईत नक्की उठतो, आणि तेव्हा तरी गॅस बंद करावा. खाण्याचं आनिस-शांपिन्यॉंही पिवळं पडतं, पण सावकाश, फिकट, आणि वास बडीशेपेचा.

पुढच्या वेळी झाडांपासून लांब, गुरं-मेंढ्या चरणाऱ्या कुरणाच्या मधोमध शोधा. देठ हलकेच पिळून बुडासकट काढा, टोपलीत किंवा कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ती घामेजून कुजतात. प्रत्येक जात वेगळी.

सुरुवात करायचीच तर पडदे नसलेल्या, टोपीखाली स्पंजासारखी छिद्रं असलेल्या जातीपासून करा. श्टाइनपिल्झच्या देठावर पांढरी जाळी, छिद्रं आधी पांढरी मग हिरवट-पिवळी. त्याचा जुळा गालेन-र्योर्लिंग: जाळी गडद, छिद्रं जुनी झाली की गुलाबट. जिभेला टोक लावून लगेच थुंका, कडूजहर लागतो. एक तुकडा राहिला तरी पूर्ण भाजी वाया. श्टाइनपिल्झ संरक्षित यादीत आहे, स्वतःपुरती थोडीच काढायची परवानगी आहे.

टोपली पिल्झबेराटरला, म्हणजे भूछत्रं ओळखून देणाऱ्या जाणकाराला, दाखवा, जर्मन मायकॉलॉजी सोसायटीच्या संकेतस्थळावर यादी आहे. नेताना सगळी नेऊ नका, प्रत्येक जातीची कोवळी, मध्यम आणि जून अशी दोन-तीन पुरतात, मात्र बुडाची माती झाडू नका.