हिरवळ हाच तर मुद्दा होता

'नवी ५५० घरं जमिनीच्या बाजूला, समुद्राकडे नुसती हिरवळ. मग पुन्हा पर्यावरण आढावा कशाला', असं काही जण म्हणतात. पण ते स्कॉटलंडच्या बाल्मेडीतल्या ट्रम्प यांच्या गोल्फ कोर्सला तरी लागू होत नाही. तिथे घोळ हिरवळीनेच केला. तिथल्या फोव्हेरन लिंक्स या किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांना संरक्षण होतं, ते त्या वाऱ्याबरोबर सरकत राहतात म्हणून. गोल्फ कोर्ससाठी मॅरम गवत लावून वाळू जागीच बांधली. अ‍ॅबर्डीनला असताना मी तिथे फिरलोय: कुंपणाबाहेरच्या वाळूत माझी पावलं परतेपर्यंत पुसलेली, आत मात्र सगळं कसं इस्त्री केल्यासारखं.

डिसेंबर २०२० मध्ये नेचरस्कॉट या स्कॉटलंडच्या सरकारी निसर्गसंस्थेने कोर्सखालच्या भागाचा संरक्षित दर्जाच काढला, जपण्यासारखं फारसं उरलं नाही म्हणून. आता पुढचा प्रत्येक बदल मोजायचा तो या बांधलेल्या वाळूशी तुलना करून. 'परिणाम नगण्य' येणारच की!