डेडलँड्स पहिल्यांदा चालवताना
डेडलँड्स, म्हणजे भुताखेतांच्या वाइल्ड वेस्टमधला टेबलावर बसून खेळायचा रोलप्लेइंग खेळ, पहिल्यांदा चालवताना भूत पहिल्याच तासात दाखवू का विचारलंयस, तर अजिबात नको. आधी गाव नीट उभं कर, दारूचा गुत्ता, शेरीफ, रेल्वेचं काम, मग एकच गोष्ट खटकू दे, म्हणजे घोडे विहिरीजवळ जायलाच तयार नाहीत, एवढंच, कारण सांगायचं नाही. खेळातला १८६३ पासूनचा सगळा काल्पनिक इतिहास पाठ करत बसू नकोस. पत्त्यांचा कॅट मात्र खराखुरा घे, हा खेळ ज्या सॅव्हेज वर्ल्ड्स नियमावलीवर चालतो तिच्यात मारामारीत कोणाचा नंबर आधी ते पत्त्यांवर ठरतं आणि जोकरवाला हवं तेव्हा खेळतो, वर फासे टाकताना +२ मिळतात, तेव्हा टेबलावर जो आरडाओरडा होतो ना! आणि कोणाला काय नकोय ते आधीच विचार. आमच्यात एकीला लहान मुलांवरचे प्रसंग नको होते, वेळेत कळलं ते बरं झालं.